तहानलेली यजमानीण

भिंतींना नुसते कानच नाही, तर तोंडही होतं, त्या काळातली ही गोष्ट. पिठाच्या गिरणीची एक जुनी भिंत होती. जानू गवंडी तिचे सुटलेले पापुद्रे खरवडून पीठ-धूळ झाडत होता आणि ती गुदगुल्या होऊन खिदळत होती. आज तिच्याकडे गिलावा कायमच्या मुक्कामाला येणार होता ना!

"आजी, आधी पोटभर पाणी पी," बादली म्हणाली.

"इश्श! पाहुण्याच्या आधी यजमानणीने तोंड ओलं करायचं? शोभतं का?"

जानूने समजावलं, बादलीने विनवलं, शेवटी दोघांनी हात टेकले.

गिलावा आला, ओलागार, आणि भिंतीला बिलगला. वर्षानुवर्षांची तहानलेली ती! तिला राहवेना. तिने नकळत त्याच्यातलंच पाणी शोषून घेतलं. दुपारी गिलाव्याला तडे गेले, संध्याकाळी तो धपकन खाली पडला.

"आजी," तो कण्हत म्हणाला, "पाहुण्याला पाणी विचारायचं राहिलं बाजूला, तुम्ही तर पाहुण्यालाच पिऊन टाकलंत!"

भिंत आधी ओशाळली, मग स्वतःलाच हसली. सकाळी तिनेच बादलीला हाक मारली आणि ढेकर येईपर्यंत पाणी प्यायली.

नवा गिलावा आला, पण कालची हकीकत ऐकून जरा बिचकतच.

"या गिलावेराव, घाबरू नका," भिंत म्हणाली. "माझं पोट भरलंय. आता बसा निवांत."

गिलावा टेकला तो टेकलाच. गिरणी रोज धडधडते, भिंत थरथरते, पण पाहुणा काही उठायचं नाव घेत नाही!