हौसाच्या पाच घागरी

"या महिन्यात किती घागरी काढशील, ते आत्ताच सांग! एक जास्त नाही, एक कमी नाही. चुकलीस तर धान्य बंद!"

राजा चंडप्रतापाने भर दरबारात फर्मावलं आणि हौसाचं धाबंच दणाणलं.

हौसा सकाळी राजाच्या हत्तीखान्यात रोट थापायची. पगार ठरलेला, पण तेवढ्यात तीन लेकी आणि म्हातारी सासू यांचं भागेना. म्हणून दुपारी गळ आणि दोर घेऊन ती गावभर हिंडे, विहिरीत पडलेल्या घागरी काढून देई. कधी दिवसाला चार, कधी आठवडाभर एकही नाही! उरलेली तूट राजाच्या कोठारातून भरून निघे. हौसाची कमाई वाढली की धान्य कमी, कमाई घटली की धान्य जास्त. दर महिन्याला माप बदलून बदलून कोठावळे त्रिंबकपंत वैतागले आणि त्यांनी राजाचे कान भरले.

"महाराज, कुणाच्या हातून घागर कधी सुटेल, हे मला आधी कसं कळणार?"

"ते तुझं तू बघ! आकडा बोल!"

हौसाने एकवार पंतांकडे पाहिलं. पंत मिशीत हसत होते.

"पाच!" ती म्हणाली.

दहा दिवसांत पाच घागरी निघाल्या. हौसाने गळ खुंटीला टांगला. सहावी घागर कासारणीची.

"पुढच्या महिन्यात या, मावशी!"

"अगं, तोवर पाणी कशात भरू?"

"महाराजांना विचारा!"

मग पडली खुद्द पंतांच्या बायकोची कळशी. पंत धापा टाकत आले. "हौसाबाई, तेवढी एक काढ ना!"

"काढते की! पण सहावी होईल. मग माझं धान्य तुम्हीच बंद कराल ना?"

पंत आल्या पावली परत गेले. घरी गेल्यावर बायकोने त्यांची अशी काही पूजा बांधली, की शेजारीपाजारी खिडक्यांत येऊन उभे राहिले!

अखेर विहिरीत पडून राहिलेल्या घागरींची तक्रार घेऊन गावातल्या बाया राजवाड्यावर चालून गेल्या. राजा संतापला. "इतक्या घागरी विहिरीत? थापा! मला दाखवा!" तो तरातरा वाड्यामागच्या विहिरीवर गेला, काठावर हात टेकून खाली वाकला, आणि...

डुबुक!

मुकुट गेला तळाला! बाया पदरात तोंड खुपसून खुदुखुदू हसू लागल्या. राजा उघड्या डोक्याने ओरडला, "बोलवा त्या हौसाला!"

हौसा आली, पण हात हलवत.

"गळ कुठंय? मुकुट काढ!"

"आकडा भरला, महाराज."

"अगं, पण तो आत्ता पडला! मला काय ठाऊक, तो पडणार म्हणून?"

"महाराज, मुकुट तुमचा, डोकं तुमचं. तरी तो पडणार हे तुम्हाला क्षणभर आधी कळलं नाही. मग साऱ्या गावाच्या घागरी मला महिनाभर आधी कशा कळाव्यात?"

राजाने आपल्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मग असा खदाखदा हसला, की त्यालाच विहिरीत पडता पडता मागे उभ्या असलेल्या पंतांनी धरलं!

"पंत, आजपासून हौसा महिना संपल्यावर कमाई सांगेल. जितकी झाली तितकी! त्याप्रमाणे धान्य मापा. आणि हिला शंभर मोहरा द्या!"

गळ आणायला निघालेली हौसा थबकली. "महाराज, या मोहरा कमाईत धरणार?"

पंतांनी घाईघाईने लेखणी उचलली.

"बक्षीस आहे ते!" राजा हसत हसत गरजला. "पंत, खाली ठेवा ती लेखणी!"