सव्वा हाताचा कल

"मग बुवा, झाड तोडायचं ना?"

सटवाबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. "तू काय म्हणतोस?"

"माझं मोजून झालंय." श्रीरंगनं ओळंब्याची दोरी गुंडाळली. "हे नांद्रुकाचं झाड सव्वा हात कललंय, थेट सभागृहाच्या अंगावर. भिंतीला तडा गेलाय तो ह्याच्यामुळंच. उद्या माणसं कुऱ्हाडी घेऊन येतील. माझ्या सहीचीच काय ती वाट आहे."

श्रीरंग इंजिनिअर. मठाचं हे सभागृह त्यानंच तीन वर्षांपूर्वी बांधलं होतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! बुवा पूर्वाश्रमीचे गवंडी. ओळंबा धरायला श्रीरंग लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला. पण मोठ्या कॉलेजात जाऊन आलेल्या माणसाला असल्या गोष्टी आठवतातच असं नाही.

"मी मठात आलो तेव्हाही सव्वाच हात होतं," बुवा म्हणाले.

"तेव्हा कुणी मोजलं होतं?"

"हिनं." बुवांनी स्वतःच्या पाठीवर थाप मारली आणि ते बुंध्याला टेकले. "तीस वर्षं रोज सकाळी टेकतोय. झाड बोटभर हललं असतं तरी ही बया बोंबलली असती."

श्रीरंगला हसू आलं. "बुवा, अहवालात पाठ चालत नाही."

"नाही चालत?… बरं. दे तुझा ओळंबा."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. सभागृहाच्या भिंतीशी गेले, हात वर करून त्यांनी ओळंबा भिंतीला लावला.

गोळा हेलकावला… मग थांबला.

वर दोरी भिंतीलगत होती. खाली गोळा आणि भिंत यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट.

"भिंतच बाहेर कललीय," श्रीरंग हळूच म्हणाला.

"हिला कधी लावला होतास?"

"बांधताना… नंतर नाही."

"पाया मुरमाला लागला होता?"

श्रीरंगनं पायाखालच्या मातीकडं पाहिलं. इथली माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्याखालच्या मुरमापर्यंत खणायचं, हे गवंड्याचं शेंबडं पोरही सांगेल.

"उद्घाटनाची तारीख ठरली होती, बुवा… चार फुटांवर थांबलो."

बुवांनी ओळंबा गुंडाळला. येऊन पुन्हा झाडाला टेकले आणि मूठभर शेंगा श्रीरंगपुढं केल्या.

श्रीरंग शेजारी बसला. बुंध्याचा कलच असा, की त्याची पाठ आपोआप टेकली. लाज वाटली, फार वाटली. आणि तडा दिसल्यापासून पहिल्यांदाच बरंही वाटलं.

"झाड राहील," तो म्हणाला. "माणसांना नको म्हणून सांगतो. सभागृहाला कुलूप लावतो, पाया पुन्हा धरतो. पण अहवाल तर द्यावाच लागेल."

त्यानं छापील कागद काढला. 'धोका कशाला?' ह्या रकान्यात त्यानं सकाळीच 'सभागृह' लिहिलं होतं. ते तसंच ठेवलं. त्याच्याखालच्या 'धोका कोणापासून?' ह्या रकान्यात 'नांद्रूक' होतं. ते खोडलं.

आणि पेन अडलं.

"बुवा… इथं आता काय लिहू?"

"सही कुठं करतोस?"

"सगळ्यात खाली."

बुवांनी शेंग फोडली.

"आज जरा वर कर."