बोडका सातू, कबुतरी वाटाणा

एकदा काय झालं, भर दुपारी एका तळ्यातून गाय वर आली. हो हो, पाण्यातूनच. आणि अंग बघावं तर कोरडं ठणठणीत, शेपटीच्या गोंड्यालासुद्धा थेंब नाही. शऱ्या, दात काढू नकोस. गोष्टीत येते गाय पाण्यातून. तुला नको असेल तर भिंतीकडे तोंड करून झोप.

तर ती गाय काठावरच्या पहिल्या घरासमोर येऊन उभी राहिली. त्या घरात हौसा राहायची. तिला होती एक लेक, ठमी, सात-आठ महिन्यांची. हौसाला मोठा ताप आला होता बरं का. ताप गेला, पण जाताना तिचं दूध आटवून गेला. ठमीला शेळीचं दूध पाजलं, तिनं थुंकलं. म्हशीचं पाजलं, ओकून टाकलं. पेज भरवायला गेली तर ओठच मिटले. लेकरू रोज हलकं हलकं होत चाललं होतं. कडेवर घेतलं की हौसाला रडूच यायचं.

गाय दारात आली तशी हौसानं घाबरत घाबरत तिच्या कासेला हात लावला. गाईनं पान्हा सोडला. मग वाटीभर दूध घेऊन ठमीच्या ओठाला लावलं, आणि काय सांगू, पोरगी गटागटा प्यायली की!

मग गाय बोलली. म्हणाली, “बाई, मी इथं राहीन. पण मला हिरवं लागतं. वाळका कडबा मी खात नाही. तळ्याकाठची गाळाची पट्टी तुमची. तिथं पेरलेलं नवव्या दिवशी कापायला येतं. बी मात्र तुम्ही निवडायचं. तीनदा वाट बघेन. तिसऱ्यांदाही माझं पोट नीट भरलं नाही, तर मी माझ्या घरी परत जाईन.”

एवढं बोलली आणि गप्प झाली ती झालीच. काय म्हणालीस मुग्धा? तिनंच का नाही सांगितलं काय खायचं ते? अगं, गोष्टीतली गाय एकदाच बोलते. आणि तुला रोज विचारते मी, भाजी कोणती करू, तर तू काय म्हणतेस? ‘काहीपण’ म्हणतेस ना? मग.

आता हौसाच्या घरी होती तिची सासू, आवडाबाई. नवरा गुरं घेऊन घाटाखाली गेलेला, म्हणून घरात या दोघी आणि ठमी. आणि आवडाबाई म्हणजे काय साधीसुधी बाई नव्हे. बी निवडण्यात तिचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नसे. पेरणी आली की लोक सूप घेऊन तिच्या ओट्यावर रांग लावायचे. ती दाणा उचलायची, चिमटीत फिरवायची, दाताखाली धरायची, आणि हा ठेव, हा टाक, हा ठेव, हा टाक. तिनं टाकलेला दाणा पुन्हा सुपात घालायची कुणाची छाती नव्हती.

ती म्हणाली, “हौसा, तू लेकराकडं बघ. बियाचं माझ्यावर सोड.”

मग आवडाबाईनं सातू निवडला. सातू म्हणजे जव, गव्हाचा सडपातळ भाऊ. तिनं घेतला सगळ्यांत टपोरा, सगळ्यांत जड. पट्टीत फोकला. म्हणजे मुठीनं उधळून पेरला. नवव्या दिवशी काय तजेला! एकेक ओंबी बोटभर, आणि ओंबीला हातभर कुसळं. आवडाबाईनं मोठ्या हौसेनं पेंढी कापून गव्हाणीत टाकली. गाईनं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मान फिरवली. हौसानं तिचं तोंड उघडून बघितलं तर हिरड्यांत कुसळं रुतलेली, जिभेवर ओरखडे. त्या दिवशी दूध निघालं अर्धी वाटी.

आवडाबाई म्हणाली, “असू दे. आता वाटाणा पेरू.”

मग तिनं वाटाणा निवडला. पांढरा, गोल, उसळीला घातला तर बोटं चाटत राहावं असा. पट्टीत फोकला. पण वाटाण्याला उभं राहायला आधार लागतो बरं का, आणि तिथं आधार कुठला? वेल आडवे झाले, गाळात लोळले, खालची पानं पिवळी पडून कुजली. नवव्या दिवशी जे हाती लागलं ते गाईनं खाल्लं. नुसताच वाटाणा तो, भलताच कोवळा. तिचं पोट टम्म फुगलं. हौसानं तिला ओवा-हिंग पाजलं, तिला धरून तळ्याभोवती अकरा फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठं ती जरा सावरली. त्या दिवशी दूध निघालं चार चमचे.

ठमी चार चमचे प्यायली आणि रिकामी वाटी चाटत बसली. रडलीसुद्धा नाही. लेकरू भुकेलं असून रडत नाही, हे फार वाईट असतं रे. आता एकच पेरणी उरली होती.

आवडाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली. दाणा उचलते, चिमटीत फिरवते, पण ‘हा ठेव’ असं काही तोंडातून निघेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा हात अडला होता.

हौसा मात्र सुपाजवळ गेलीच नाही. ती गेली गाईच्या मागं. गाय बांधावरून चालली होती. इथं हुंगलं, सोडून दिलं. तिथं हुंगलं, सोडून दिलं. मग एका जागी थांबली आणि जीभ लांब करून खायला लागली ती खातच राहिली. हौसा वाकून बघते तर काय, सातूचीच चार ताटं. उंच, बारीक, अंगभर पानं. पण ओंबीला एकही कुसळ नाही, अगदी बोडकी. आणि त्या ताटांना हिरव्या दोऱ्यांनी धरून वर चढलेला एक वाटाणा. शेंगा एवढ्याशा, पण वेल केवढा!

हौसानं हाक मारली, “आत्याबाई, इकडं या जरा. हे काय उगवलंय हो?”

आवडाबाई आली. बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “अगं, हे माझंच. मीच टाकलेलं. बोडका सातू, दाणा हलका, भाकरीला भरत नाही. आन् हा कबुतरी वाटाणा, करडा, बारका, शिजवला तर कडसर लागतो. दर साली निवडून मी बांधावर फेकते.”

गाय खातच होती.

“पोरी,” आवडाबाई म्हणाली, “मी जल्मभर माणसाच्या तोंडानं बी निवडलं. गाईला दाणा नको, तिला पाला पाहिजे. अन् मी तिला भाकर वाढत बसले.”

मग त्या दोघी बांधावर बसल्या. आवडाबाईनं वर्षानुवर्षं जे फेकलं होतं, ते आता तीच वाळक्या ताटांतून, दगडांच्या फटींतून, कबुतरांच्या तोंडातून एकेक दाणा करून वेचत होती. गुडघे धरले, नखांत माती गेली. दिवस कलेपर्यंत दोन ओंजळी सातू आणि एक ओंजळ वाटाणा झाला. दोन्ही एकत्र कालवून त्यांनी पट्टीत फोकलं. सातू उभा राहिला, वाटाणा त्याला धरून वर चढला, दोघांनी मिळून गाळ झाकून टाकला.

आला नववा दिवस. गाय तळ्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. पुढचे दोन पाय पाण्यात. हौसानं विळा घेतला, तर आवडाबाईनं तिचा हात धरला.

“थांब गं. दाणा पुरा कच्चा आहे. आणखी चार दिवस तरी पिकू दे.”

बघा, सवय कशी असते! हौसानं एक ओंबी तोडली, त्यातला एक दाणा आवडाबाईच्या तळहातावर ठेवून नखानं दाबला. टपकन पांढरा थेंब आला. दूधच. वाटाण्याची शेंग दाबली, तीही कोवळी, नुकती भरायला लागलेली.

आवडाबाईनं थेंबाकडं बघितलं. मग झोळीतल्या ठमीकडं बघितलं. ठमीचे डोळे उघडे होते, पण मान वर होत नव्हती. आवडाबाईनं उभ्या जन्मात हिरवी ओंबी कापली नव्हती बरं का. तिला ते पापच वाटायचं. तिनं हौसाच्या हातातून विळा घेतला. आणि सरासरा कापलं. फक्त कडेची एक ओळ उभी ठेवली, पुढच्या बियाला. आणि पेंढी उचलून स्वतः गुडघाभर पाण्यात गेली आणि गाईच्या तोंडापुढं धरली.

गाईनं खाल्लं. ताट खाल्लं, पान खाल्लं, वेल खाल्ला, शेंगा खाल्ल्या. सगळी पेंढी संपली. मग तिनं पाण्यातले दोन पाय हळूच बाहेर काढले आणि घराकडं चालायला लागली. दारात पोचायच्या आधीच सडांतून दुधाच्या धारा गळायला लागल्या होत्या. हौसा वाटी आणायला धावली, वाटी पुरेना, मग तांब्या आणला. ठमी प्यायली, पोटभर प्यायली, आणि मग काय सुरात रडली म्हणता! तो रडण्याचा आवाज ऐकून दोघी सासू-सुना हसत सुटल्या.

गाय तिथंच राहिली. ठमी बाळसं धरून दुडुदुडु धावायला लागली. नवरा घाटाखालून आला, त्याला दारातच दुधाचा पेला मिळाला. पुढच्या पेरणीला लोक पुन्हा सूप घेऊन आवडाबाईच्या ओट्यावर आले. ती मात्र आता सुपाकडं बघायची नाही. आधी माणसाकडं बघायची आणि विचारायची, “खाणार कोण?” ते सांगितल्याशिवाय ती एका दाण्याला हात लावायची नाही. माणूस म्हटलं की टपोरं द्यायची, गाय म्हटलं की बोडका सातू आणि कबुतरी वाटाणा द्यायची, आणि कुणी म्हटलं दोघंही, तर त्याला दोन वेगळ्या पुरचुंड्या बांधून द्यायची.

असं ते सगळे सुखात राहिले, पोटभर खाऊन वेळेवर झोपले. मुग्धा तर झोपलीसुद्धा. शऱ्या, तूही मीट डोळे. उद्या सकाळी न्याहारीला काय करू ते आत्ताच सांग, आणि ‘काहीपण’ म्हणालास तर याद राख.