उघाडीच्या दोन बाजूंना

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राची खोली अजून कुणी मापली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीकाठी एक गाव होतं. गावाला लागून कांदळवन होतं, आणि बांध घातलेलं मोठं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदलीची जागा होती. बांधाला एक दार होतं, त्याला उघाडी म्हणत. त्यातून भरतीचं पाणी आत यायचं, ओहोटीला बाहेर जायचं. उघाडीच्या फळ्या घालायचं आणि काढायचं काम धाकलूकडे होतं.

खाजणात बोय मासे राहत. मुलांनो, बोय हा मोठा गुणी मासा. तो कुणाची शिकार करत नाही. चिखलावरचं शेवाळ आणि कुजका पाला खातो. कोंबडीसारखं दळणारं पोट असल्यामुळे वाळूसकट आलेला घासही पचवतो. पावसाचं गोडं पाणी असो की उन्हाळ्यातलं खारट, त्याला दोन्ही मानवतं. जाळ्याची चाहूल लागली की हातभर उंच उडी मारून पार होतो. धाकलूचा या माशांवर फार जीव होता.

म्हणूनच त्याला एक गोष्ट सलायची. पावसाळा सरला, मासे मोठे झाले, की झुंडीच्या झुंडी समुद्राकडे निघून जायच्या. आपल्या चिखलावर पोसलेले मासे परक्यांच्या जाळ्यात का जावेत? एका वर्षी त्याने फळ्या घातल्या, त्या काढल्याच नाहीत. केसाएवढ्या फटींतून पाणी तेवढं ये-जा करत राहिलं.

त्या वर्षी गावाने पोटभर मासे खाल्ले. गावचा प्रमुख असलेल्या गावकराने चारचौघांत धाकलूची पाठ थोपटली. दुसरं वर्षही बरं गेलं. तिसऱ्या वर्षी मात्र जाळ्यात नुसते थोराड मासे येऊ लागले, तेही मोजकेच. लहान मासा औषधालाही दिसेना.

एक दिवस धाकलूची बायको सुंदरा मासे साफ करत होती. तिने त्याला जवळ बोलावलं आणि माशाच्या पोटातून निघालेली चिमलेली गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, तळहातावर धरून दाखवली.

"तीन वर्षं बघतेय मी," ती म्हणाली. "गाबोळी धरते, पण पिकत नाही. आतल्या आत जिरून जाते. अंडी घालायला यांना समुद्रच लागत असणार."

धाकलूला ते पटलं नाही. ही मासे कापते, पण जगवतो तर मी, असं त्याला वाटलं. तरी तिचं बोलणं मनातून जाईना.

माघातल्या एका सकाळी मोठी भरती होती. धाकलू उघाडीवर जाऊन ओणवा झाला. आतल्या बाजूला मोठे बोय फळ्यांना तोंडं लावून उभे होते. बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी पिल्लं हजारोंनी दाटली होती. दुसऱ्या खाड्यांतल्या बोयांनी समुद्रात घातलेल्या अंड्यांतून निघून ती वाढायला चिखलाकडे आली होती. मोठ्यांना जायचं होतं, लहानांना यायचं होतं. मध्ये चार बोटं जाडीचं लाकूड होतं, आणि ते त्यानेच घातलेलं होतं.

त्याने एकेक फळी उपसून काढली. भरतीबरोबर पिल्लं आत शिरली. ओहोटी लागली तसे मोठे मासे बाहेर पडले.

गावची जत्रा चार दिवसांवर आली होती, आणि जत्रेच्या जेवणासाठी खाजणात मोठा मासा उरला नव्हता. गावकर संतापला. धाकलूने आपली चूक कबूल केली. त्याचं काम त्याच दिवशी गेलं. जाताना त्याने एवढंच मागितलं, की फळ्या काढलेल्या राहू द्या. आता कोंडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून कुणी त्या परत घातल्या नाहीत.

पुढचा पावसाळा सरला तेव्हा वीतभर बोयांनी खाजण रुपेरी झालं होतं. गावकर स्वतः धाकलूच्या दारी आला आणि उघाडी पुन्हा सांभाळ म्हणाला.

"आम्हा दोघांना मिळून काम द्या," धाकलू म्हणाला. "फळ्या मी काढीन. कधी काढायच्या, ते सुंदरा सांगेल."

गावकराने ते मानलं.

तात्पर्य: ज्याच्या येण्यावर आपण जगतो, त्याची जाण्याची वाट अडवू नये.