चांद्याचा खांदा

बैलांना माणसांचं बोलणं समजायचं, त्या काळची ही गोष्ट. चांद्या बैलाचा खांदा जुवाखाली सुजला होता. मालकाला कळलं तर तो आपल्याला बाजार दाखवील, या धास्तीनं त्याला चारा गोड लागेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढणारे खांदे चोळायला मालकीण सगुणाबाई तूप-हळदीची वाटी घेऊन गोठ्यात आल्या. जोडीदार तांबड्याचा खांदा चोळून त्या चांद्याकडे वळल्या. हात जवळ येताच त्यानं शिंगं उगारली.

"अहो, ऐकलंत का?" सगुणाबाई मागे सरून ओरडल्या. "चांद्या मारका झालाय! घरात लेकरं आहेत, असला बैल दावणीला ठेवायचा कसा?"

चांद्या खांदा चोरून मागे सरला.

"शहाण्या," तांबड्या हळूच म्हणाला, "सुजलेला खांदा बरा होतो, पण मारका बैल कुणी ठेवत नाही. आणि लपवतोस कुणापासून? जू रोज माझ्याकडे कलतंय. घाल मान खाली!"

चांद्यानं डोळे मिटून मान खाली घातली. सगुणाबाईंनी भीत भीत हात ठेवला आणि सूज लागताच हात तिथंच थांबला.

"अगं बाई! हे दुखणं होय रे तुझं?" उरलेली सगळी हळद त्यांनी सुजेवर हलक्या हातानं लावली. "अहो, हा बरा होईस्तोवर याच्यावर जू ठेवायचं नाही हं!" मग रीतीप्रमाणे दोघांच्या कानाशी म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

उद्याचं जेवण उद्या. चांद्याला त्या संध्याकाळी साधा कडबाच गोड लागला.