पाटोळे हात

ओलं बारदान फरशीवर आपटावं, तसा आवाज होता तो.

उस्तादांनी तो ऐकला त्याला पन्नास वर्षं होत आली. तोही कानांनी नव्हे, जबड्याने ऐकलेला. गावचा तेव्हाचा गाजलेला बॉक्सर स्टीफन पाटोळे, त्याचा डावा ठोसा. बाकीचं पुष्कळ विसरायला झालं होतं, पण हवा पडली, कुठं पत्रा वाजला नाही, की तो आवाज अजून आत कुठंतरी उमटायचा.

"मग? मी आणि पाटोळे लढलो असतो तर कोण जिंकलं असतं, उस्ताद?"

संग्रामने हे चौथ्यांदा की पाचव्यांदा विचारलं होतं. उस्ताद एका हातमोज्याची नाडी ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

भिंगारला बंद पडलेल्या तेलघाण्यामागं पत्र्याची एक शेड आहे. सैन्यातून परत आल्यापासून हवालदार भोइटे तिथं पोरांना बॉक्सिंग शिकवतात. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. गावानेही तेच नाव ठेवलं.

संग्राम वाघस्कर हा त्यांचा सर्वांत जड गडी. जिल्ह्यात त्याच्यापुढं कुणी टिकत नव्हतं. पण राज्याच्या निवडीत लागोपाठ दोनदा तो गुणांवर हरला होता. या रविवारी पुण्यात पुन्हा निवड होती. घरी त्याने सांगून टाकलं होतं, या वेळी नाही झालं तर मोजे खुंटीला.

"सांगा ना. तुम्ही आम्हा दोघांनाही रिंगणात जवळून पाहिलंय. दुसरं असं कुणी नाही आता गावात."

"रविवारचं बघ."

"रविवारचं रविवारी. आधी हे सांगा."

दोरीउड्या मारता मारता अल्ताफ हसला. तो हलक्या वजनाचा, पण तोंडाने सगळ्यांत भारी. "उस्ताद, सांगून टाका एकदाचं. काल चहाच्या टपरीवर ह्याच्यापायी दोन कप फुटले. अर्धं भिंगार पाटोळेंकडून, अर्धं ह्याच्याकडून. आणि पाटोळे बिचारे वर बसून विचारत असतील, मला कुणी आवतण दिलं?"

"तू गप रे, माशी मारायच्या वजनाच्या!"

"माशी उडते तरी. तू नुसता उभा राहतोस."

संग्रामने त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. तो बोटांवर मोजत मोजत बोलू लागला. हे त्याने मनात फार वेळा घोळवलेलं होतं.

"माझं वजन शहाण्णव. त्यांचं चौऱ्यांशी. मी चार बोटं उंच. त्यांच्या वेळी काय होतं? आडत बाजारात पोती उचलायची आणि संध्याकाळी इथं यायचं. ना कुणी आहार सांगायला, ना लढतीची चित्रफीत बघायला. मी समोरच्याला दहा वेळा बघून रिंगणात उतरतो."

"तेव्हाच्या मोज्यांत घोड्याचे केस असायचे," अल्ताफ म्हणाला. "आणि ते केस बाजूला सरकवून मुठीचं हाड पुढं आणायचे. एक बसला तर तुझं शहाण्णव किलो कुठं ठेवायचं हेच कळलं नसतं तुला."

"बसला तर ना!"

उस्ताद नाडी ओवत राहिले…

गावात फलक लागला होता. त्यावर संग्रामचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दुसरा पाटोळे'. लावणाऱ्यांनी कौतुकाने लावला होता. संग्राम त्या रस्त्याने जायचा बंद झाला होता. दुसरा या शब्दाने त्याची झोप उडवली होती.

आणि तरी तो उभा राहायचा तो पाटोळेसारखाच.

डावा हात पुढं. उजवा खाली, कमरेपाशी, लोंबता. हनुवटी उघडी. टपरीवर पाटोळेचा जो एकुलता एक फोटो आहे, त्यात तो असाच उभा आहे. भिंगारची पोरं त्याला 'पाटोळे हात' म्हणतात. ज्याला मोठं व्हायचं, तो आधी उजवा हात खाली सोडतो.

उस्ताद वर्षभर सांगत होते, हात वर घे.

संग्राम म्हणायचा, "पाटोळे हात आहे, उस्ताद."

दोन्ही वेळा तो हरला, तो याच हातापायी.

उस्ताद एका वाक्यात हे सगळं मिटवू शकत होते. पाटोळेचा उजवा हात ऐटीने खाली नव्हताच. आडतीवर साखरेचं पोतं खांद्यावर आडवं पडलं, आणि तेव्हापासून तो हात छातीच्या वर जाईना. हे फक्त उस्तादांना ठाऊक होतं, कारण ते त्याचे सरावातले जोडीदार. समोरच्याला कळलं तर त्याच बाजूला मारील, म्हणून तेव्हा लपवलं. पुढं पाटोळेने बॉक्सिंग सोडलं, तेव्हा उस्ताद म्हणाले होते, आता तरी सांगू का लोकांना?

पाटोळे हसला होता. "राहू दे की, भोइट्या. तेवढीच एक ऐट हाय माझ्यापाशी."

उस्तादांनी मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याला ते अजून बांधलेले होते.

"उस्ताद…"

नाडी ओवून झाली. त्यांनी मोजे संग्रामच्या हातात दिले.

"घाल."

"कशाला?"

"लढत लावू या. तू आणि पाटोळे."

अल्ताफची दोरी थांबली.

"शॅडो कर म्हणताय? नुसते हवेत ठोसे?" संग्राम म्हणाला.

"शॅडो रोज करतोस. आज पाटोळेशी लढ. तुला त्याचं वजन, उंची सगळं पाठ आहे. तो तिकडं लाल कोपऱ्यात उभा आहे. तू निळ्यात."

संग्रामने एकवार उस्तादांकडं पाहिलं. चेष्टा दिसत नव्हती. त्याने मोजे घातले आणि दात आवळून तो निळ्या कोपऱ्यात गेला.

उस्तादांनी घंटा वाजवली.

संग्राम चांगला लढला. रिकाम्या हवेत तो पुढं गेला, मागं सरला, येणारा डावा ठोसा खांद्यावर घेऊन त्याने खालून बरगडीत दोन ठेवून दिले. फळ्या दणाणत होत्या. दुसऱ्या राउंडला त्याने सरळ उजवा सोडला आणि तिथंच थांबला.

"पडला," तो म्हणाला. घामाने निथळत होता.

"पडला," उस्ताद म्हणाले.

"फार लवकर पडले बुवा," अल्ताफ म्हणाला. "म्हातारपणामुळं असेल."

"गंमत नाही ही!" संग्राम त्याच्यावर खेकसला. मग उस्तादांकडं वळून म्हणाला, "तुम्ही पाहिलंत ना? म्हणजे मी जिंकलो असतो. म्हणा की एकदा."

उस्ताद उठले. गुडघा धरून हळूहळू रिंगणाजवळ आले.

"आता कोपरा बदल."

"काय?"

"लाल कोपऱ्यात जा."

"बॉक्सिंगमध्ये कोपरा बदलत नाहीत, उस्ताद. हे काय व्हॉलीबॉल आहे?"

"आज बदलायचा. तू आता पाटोळे. समोर संग्राम वाघस्कर उभा आहे."

संग्राम हसला. हसू मध्येच अर्धवट राहिलं.

"माझ्याशीच लढू?"

"एका बाजूने लढून कधी निकाल लागलाय का?… जा."

"आणि मी जिंकलो तर?"

"कुठला तू?"

अल्ताफ मोठ्याने हसायला गेला, पण उस्तादांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

संग्राम लाल कोपऱ्यात गेला. पाठ टेकून क्षणभर उभा राहिला. त्याला ही मस्करी वाटत होती, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण तो हट्टी होता, आणि हट्टी माणसाला खोटं लढता येत नाही. पाटोळे व्हायचं तर पुरतं व्हायचं. त्याने डोकं थोडं खाली घातलं, पावलं जवळ आणली, फोटोतल्यासारखा बारीक झाला. चौऱ्यांशी किलोचा.

घंटा वाजली.

पहिल्यांदा तो इकडून तिकडं नुसता फिरला. समोरच्या संग्रामला त्याने पुढं येऊ दिलं. तो कसा येणार हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आधी डाव्याने दोनदा चाचपणार. मग उजवं पाऊल ओढून घेणार. मग मान किंचित मागं नेणार, आणि बघा मी किती बेफिकीर, अशा तोऱ्यात उभा राहणार…

संग्रामची पावलं मंदावली.

त्याने डोळे बारीक केले. समोर खरोखर कुणी उभं असावं, तसं तो बघत होता.

पुन्हा तो बाजूला झाला. पुन्हा पाहिलं.

आणि मग त्याचा डावा हात सुटला. तो विचार करून मारलेला नव्हता. दारं सताड उघडी असली की माणूस आत जातो, तसा तो गेला. जबड्याच्या उंचीला हवेत येऊन तो हात थांबला, आणि तिथंच राहिला.

"एक," अल्ताफ मोजू लागला. "दोन… तीन…"

संग्राम हसला नाही. अल्ताफने चार म्हटलंच नाही.

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

संग्रामने तोच हात मागं घेतला, पुन्हा मारला. आता सावकाश. पुन्हा तिथंच. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी वाट मोकळीच होती. समोरचा गडी हात वर घेतच नव्हता.

"घे ना वर!" तो एकदम ओरडला.

कुणावर ओरडला, ते त्याचं त्यालाच कळलं नसावं.

उस्ताद दोरीला धरून उभे होते. पाटोळेच्या खांद्याचं ते वाक्य ओठांवर आलं होतं, आणि त्यांनी ते गिळलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पडला."

"कोण?"

संग्रामने समोरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

"कोण पडला, बाळा?"

"…मी."

"किती वेळात?"

"पहिल्याच राउंडला." मोज्याच्या पाठीने त्याने तोंड पुसलं. मग तो दोरीजवळ आला आणि उस्तादांच्या अगदी समोर उभा राहिला. "म्हणजे ते खरंच मोठे होते. टपरीवरचे म्हातारे म्हणतात तेच खरं. पाटोळेंनीच पाडलं मला."

उस्तादांनी त्याच्या मोज्याची सुटलेली नाडी हातात घेतली आणि बांधून दिली.

"पाटोळेच्या पेटीला मी खांदा दिलाय, पोरा. माती लोटलीय या हातांनी… इथं दुसरं कोण होतं?"

संग्रामने आपल्या लोंबत्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग दोऱ्या वर उचलून तो खाली उतरला, आणि तो हात हनुवटीपाशी धरून शेडबाहेर चालू लागला.