न्हाणीमागचा गवती चहा

भक्तहो, एका पावसाळ्यात श्रीधुंडिनाथ महाराज कोकणातल्या कातळमाची गावी, रवळनाथाच्या देवळात उतरले होते. गाव सगळं कातळावर. तिथे रुजेल ते नशिबाचं. फक्त चंद्राक्काच्या न्हाणीमागे, सांडपाण्याच्या ओलीवर, गवती चहाचा एकुलता एक ठोंब माजला होता. महाराज रोज तिच्या हातचा काढा घेत. त्या एकट्या बाईला जगात तेवढाच मान होता.

खोत विसाजीपंतांना ते बघवेना. त्यांच्या केशरी दुधाला महाराज नुसता नमस्कार करीत!

"अगो, न्हाणीच्या पाण्यावरचं गवत महाराजांच्या मुखी घालतेस?" खोत भर सभामंडपात गरजले. "गवत म्हशीला घालतात!"

आणि ते बोलून थांबले नाहीत. गड्याकरवी ठोंब मुळासकट उपटून त्यांनी खरोखरच आपल्या म्हशीला घातला. असल्या उग्र वासाच्या गवताला म्हैस एरवी तोंड लावत नाही. त्या दिवशी तिने मुळंसुद्धा ठेवली नाहीत.

त्याच संध्याकाळी महाराज तापाने फणफणले. वैद्यांची मात्रा त्यांनी बाजूला सारली, दूधही सारलं. "चंद्राक्काचा काढा येऊ दे," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले.

चंद्राक्का उंबऱ्याशी कोसळली. "महाराज, कशाचा काढा आणू? एक पात उरली नाही हो!" रिकामी कासंडी पदराखाली धरून ती रडू लागली. महाराजांचा श्वास जड झाला. वैद्यांनी मान खाली घातली.

तोच बाहेर गलका उठला. खोतांची म्हैस दावं तोडून सरळ सभामंडपात शिरली. मागून खोत धापा टाकत आले, "हैक! हैक! महाराज, क्षमा असावी!"

महाराजांनी डोळे उघडले. "चंद्राक्का, धार काढ."

"अहो, भाकड आहे ती!" खोत म्हणाले.

चंद्राक्काने कासंडी पुढे घेतली. महाराज म्हणाले, म्हणजे झालं. ती डोळे पुसून बसली, कासेला हात लावला, आणि काय सांगावं! कासंडीत वाफाळता गवती चहा पडू लागला. देऊळ सुगंधाने भरून गेलं. खोतांनी बोट बुडवून चाखलं.

"गूळ आहे," ते पुटपुटले. "आलंसुद्धा! आलं तर मी म्हशीला घातलंच नव्हतं..."

महाराज काढा प्याले. कपाळावर घाम फुटला, ताप उतरला. चंद्राक्काने हात जोडले.

खोतांचा अभिमान तिथेच गळाला. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तर महाराजांनी पाय आखडते घेतले. "माझ्या नको. जिचं उपटलंत, तिच्या."

खोतांनी डोळे मिटून चंद्राक्कापुढे लोटांगण घातलं. खोत आपल्या पाया पडतात हे पाहून ती बिचारी लाजेने चटकन बाजूला झाली. मागे म्हैस उभी होती. खोतांनी तिच्या खुरांवर डोकं टेकलं आणि हुंदके देत तसेच राहिले.

गडी त्यांना उठवायला धावला. महाराजांनी त्याला हातानेच थांबवलं.

"राहू दे," महाराज म्हणाले. "पोचतोय नमस्कार."